बेडकाच्या उड्या

स्वीडन, २२ जून १९९८

ती. अव्वास, संगमेशचा वाकून नमस्कार.

मी खुशाल हाय, आणि या खेपेला खरोखरच हाय. इथल्या कारखान्यात दोन महिने कामाशिवाय कुणी माझ्याशी बोललं न्हाई. तुला काळजी नको म्हणून कळवलं नव्हतं.

शुक्रवारी उन्हाळ्याच्या सणाची सगळ्या देशाला सुट्टी होती. फुलांनी मढवलेल्या खांबाभोवती इथली मोठी माणसं बेडकासारखी उड्या मारतात! आमचे कडक फोरमनसाहेब माझा हात धरून म्हणाले, "संगमेश, चल की!" मग मीही डराँव डराँव करत उड्या मारल्या. किती दिवसांनी पोटभर हसलो.

अप्पांचा गुडघा कोल्हापुरात दाखवला का?

आज जेवताना साहेब शेजारी येऊन बसले आणि त्यांनी तुझं नाव विचारलं. "रत्नव्वा" म्हणायला त्यांना चारदा प्रयत्न करावा लागला, पण नीट म्हणाले.

तुझा,
संगमेश