तेरा डिसेंबरचं पान

५ जाने.
पक्ष्यांची वही क्र. १ (२००१) टाइप करून संपली. सकाळभर तेच. प्राजूनं तिच्या कंपनीच्या नव्या ब्लॉगवर खातं काढून दिलंय. "मावशी, अजून चाचणी चालूये. तू वापर आणि काय खटकलं ते सांग." जन्मभर शाळेत पोरींकडून प्रयोग करून घेतले, आता भाची माझ्यावर करतेय. बरंय.
पानांवर औरंगाबाद, ब्लॉगवर छत्रपती संभाजीनगर. दोन्ही तसंच ठेवलं.

७ जाने.
तारखेचा चौकोन हातानं बदलता येतो! जुनं पान जुन्या तारखेला लावता येतं. पण मग ते कुणाला पोचत नाही. आज धोबी पक्ष्यावर ताजं लिहिलं, ते तीसेक वाचकांच्या फीडमध्ये लगेच गेलं. २००१ चं पान टाकलं, ते गुपचूप खाली जाऊन बसलं. छापलं तर आहे, पण आलेलं कुणाला कळलं नाही. असं का?
प्राजू : "वीस वर्षांपूर्वीचं लोकांना आज कशाला दाखवायचं?"
मी : पण मी ते आज सांगतेय ना.
प्राजू : "हाच तर आमच्याकडं वाद चालूये. तूच ठरवून सांग."
ठरवते.

८ जाने.
प्रयोग. उद्याची तारीख टाकली, पोस्ट गायब. उद्या सकाळी आपोआप उगवणार म्हणे. १८५७ टाकलं, तेही निमूट घेतलं! काहीही सांगा, हे यंत्र मान डोलावतं. कागदावर खाडाखोड तरी दिसते.

१४ जाने.
तिळगूळ. वही क्र. ६ पर्यंत आले.
पुढची २००९ ची. काढली आणि परत कपाटात ठेवली.

१७ जाने.
काढलीच.
११ डिसें. २००९, शुक्र. : "शाळा. संध्या. शाहीनबरोबर गुलमंडी, लोकर."
१२ ला पान नाही. शाळेतल्या गणिताच्या बाई शाहीन, तिचा फोन आला होता. पैठणला नाथसागरावर पट्टकादंब हंस उतरले, चाळीसेक, उद्या ये.
१३ ला, रविवारी, मी गेले, पाहिले, नुसती तारीख घालून लिहिलं. आणि सोमवारी शाळेत निघण्याआधी त्या तेरातल्या ३ चा १ केला. शाई तीच, त्यामुळं कळतही नाही.
कारण काय, तर स्टाफरूमच्या भिंतीवरचा तक्ता. दर हिवाळ्यात पट्टकादंब पहिल्यांदा कुणी पाहिले, त्याचं नाव त्यावर. आठ वर्षं सलग माझं होतं. गणिताच्या बाईनं विज्ञानाच्या बाईच्या आधी पाहावं, हे सोसलं नाही. एवढंच. लिहिताना आज हसू येतंय आणि लाजही वाटतेय.
सगळ्यांसमोर वही पुढं केली. शाहीननं ते एकच पान पाहिलं. अकराच्या संध्याकाळी आपण दोघी गुलमंडीत लोकरीच्या दुकानात होतो, हे तिला काय ठाऊक नव्हतं? म्हणाली, "लिहिलंय ना? मग झालं." त्यानंतर रविवारच्या पैठणच्या गाडीला ती कधीच आली नाही. दुर्बीण मात्र तिची, माझ्याकडंच राहिली.

१८ जाने.
२००९ ची पानं टाकली. तेही टाकलं, खऱ्या तारखेला, १३ डिसें. २००९. खाली टीप : "मूळ वहीत इथं ११ आहे. ती मी मागाहून केली. पट्टकादंब पहिल्यांदा शाहीननं पाहिले, १२ ला."
तारीख जुनी, म्हणून फीडमध्ये जाणार नाही. कबूल केलं आणि कुणी ऐकलंही नाही. फार सोयीचं आहे हे. आज जेवण गोड लागलं.

२२ जाने.
प्राजूला उत्तर द्यायचं तर "जुन्या तारखेचं फीडमध्ये नको, लोकांना उगीच त्रास" असं लिहिलं होतं. पाठवलं नाही. त्रास कुणाला, हे मला चांगलं माहितीये.

२५ जाने.
वही १ च्या पाचव्या पानावर कॉमेंट. "नीलकंठ नाय तो, खंड्या. तेव्हाही सांगितलं होतं." नाव नाही. नावाची गरजही नाही.
शाहीन रोशन गेटला राहते, रिक्षानं पंधरा मिनिटं. सोळा वर्षांत गेले नाही. शाळेच्या जुन्या ग्रुपवर मी ब्लॉगची लिंक टाकली होती, तिथून आली असणार.
इतका आनंद झाला की भाजी करपली.

२७ जाने.
ती फीडमधून वाचत नाहीये! पहिल्यापासून, तारखेनं, ओळीनं वाचतेय. गणिताची बाई. काल २००३, आज २००५. पिशोरजवळच्या धरणावरच्या पानाखाली : "या दिवशी तुझी चप्पल चिखलात गेली ते लिहिलं नाहीस. अनवाणी यष्टीत बसलीस. लई हसलो होतो."
म्हणजे मी जिथं लपवलं, तिथंच ती चालत येतेय.

३० जाने.
२००८ संपवलं तिनं.
प्राजूला विचारलं, ती कुठवर आली ते दिसतं का? "नाही गं मावशी, असं दाखवणं बरं नाही." बरोबर आहे तिचं. पण जीव टांगणीला लागलाय.

१ फेब्रु.
२६ नोव्हें. २००९ वर तिची कॉमेंट. फक्त "वा."
तारखेचा चौकोन उघडला. १३ डिसें.चं १३ नोव्हें. केलं की झालं. ती तिथून पुढं निघून गेलीये, मागं वळून पाहणार नाही. केलं. सेव्ह केलं. चहा टाकला. उकळी येईपर्यंत पान नोव्हेंबरात होतं. मग माझाच हात मला ओळखू आला. गॅस बंद केला, परत डिसेंबर केलं. चहा ओतून दिला.

२ फेब्रु.
प्राजूला पाठवलं : दोन तारखा ठेव. घडलं केव्हा, आणि सांगितलं केव्हा. पहिली लिहिणाऱ्यानं टाकावी, दुसरी यंत्रानं, आणि दुसरीला कुणाचा हात लागू नये. फीड दुसरीनं चालव.
तिचा फोन. "मग तुझी जुनी पानंही सगळ्यांना जातील. नियम मागच्यांनाही लागणार. चालेल?"
चालेल म्हणाले.
"पुढच्या सोमवारी लावते."

३ फेब्रु.
सकाळी ११ डिसें. २००९ च्या पानाखाली :
"जांभळी लोकर. स्वेटर अजून घालते. पुढं तेराचं पान दिसतंय. ते उद्या. आज डोळे दुखताहेत."
तिचे डोळे कधी दुखल्याचं आठवत नाही. चाळीस पक्षी लांबून मोजायची ती.
तिची दुर्बीण काढली, काचा पुसल्या. पट्टा कुजलाय. गुलमंडीत नवा मिळेल का, पाहून येते.