कडक भाकरी आणि अक्का

रविवार, परतीच्या गाडीत

लेकीची सोलापूरला बदली झाल्यापासून माझी कुरकुर चालली होती. काय आहे त्या गावात! आज तिच्याबरोबर फिरले. तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ, किल्ला, चादरींची दुकानं... पाय दुखले तरी मन भरेना. खोलीवर परतेपर्यंत दुपार टळली, आणि घरमालकीण अक्का आमच्यासाठी उपाशी! नवऱ्याशी तेलुगूत काहीतरी बोलून त्यांनी ताटं वाढली. मी सवयीने भाकरी दुमडायला गेले, तर कटकन मोडली. अक्का हसल्या. ‘‘मोडूनच खायची असती की, ताई!’’

तो कटकन आवाज अजून कानात आहे. निघताना विचारलं, ‘‘थांबलात कशाला?’’

‘‘पोरगी घरी यायची हाय म्हटल्यावर आधी कसं जेवायचं?’’

घरी म्हणाल्या. खोलीवर नाही.