तीन मिनिटे आणि चाळीस एकर

मी, आर्डिथ रुथ बोर्समा, वय वर्षे एकोणऐंशी, अविवाहित, राहणार फेनर गाव, टॅमरॅक काउंटी, पूर्वीची फेनर गावची निवडून आलेली क्लार्क (म्हणजे गावाचे दप्तर आणि निवडणुका सांभाळणारी) आणि सध्या चेरीची बागायतदार, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की, मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी तसे लेखी दिले आहे. ज्यांना त्यावरही शंका असेल त्यांनी मी जिवंत आहे तोवर यावे आणि मला फेनरच्या मतदारांची नावे पत्त्यासकट विचारावीत. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. एकाने आणून पाहिले, त्याचे नाव पुढे येईलच.

सन २००९ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात माझी चाळीस एकरांची चेरीची बाग मी माझा धाकटा भाऊ वेंडेल बोर्समा यास दिली होती. वेंडेलला हे ठाऊक होते. म्हणूनच त्याने त्या बागेत लेक प्लेन्स विद्यापीठाची तीन मजली इमारत, स्वतःच्या नावासकट, कागदावर उभीही करून टाकली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

बागेचे कलम शेवटाकडे आहे. मि. प्रुइट वकील हे वाचून दाखवत असताना वेंडेलने पाने उलटू नयेत.

कलम १. माझे गावातले राहते घर फेनर गावाला द्यावे. सध्याच्या गावकचेरीचे छप्पर गळते, आणि मी छत्तीस वर्षे मतपेटीवर ताडपत्री घालून निवडणुका घेतल्या आहेत. अट एवढीच की मतदान पुढच्या खोलीत व्हावे आणि त्या दिवशी कॉफी फुकट असावी. पाणचट नसावी.

कलम २. छाटणीच्या शिड्या, करवती, चेरीच्या बिया काढायचे यंत्र आणि झाड हलवून चेरी पाडायचे मोठे यंत्र (डावे चाक कुरकुरते, तेल देत राहावे) ही अवजारे बागेबरोबर जातील. पिकअप गाडी कॉर्नेल व्हिसर याला देणार होते, पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे मि. प्रुइट म्हणतात. गाडी विकून टाकावी. त्याच नियमाने दुसरी साक्षीदार जेनिव्हा स्लॅग्टर हिने १९९१ साली चर्चच्या जेवणातून नेलेली माझी पाय-पेस्ट्री भाजायची काचेची ताटली मला माफ करता येत नाही. नाइलाज आहे, जेनिव्हा.

मि. प्रुइट असेही म्हणाले की मृत्युपत्रात टोमणे नसावेत. मी म्हटले, "काढा की. मग किती ओळी उरतात ते बघा." त्यांनी चष्मा पुसला आणि पुढे वाचू लागले.

कलम ३. माझ्या गोदामात वेंडेलच्या प्रचाराच्या तीनशे चाळीस पाट्या पडून आहेत. अंगणात खोचायच्या, तारेच्या पायांच्या. त्या कोणाला द्यायच्या हे सांगण्यापूर्वी त्या आल्या कशा हे सांगणे भाग आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी त्याची चाहती होते.

वेंडेल एकूण नऊ वेळा उभा राहिला. पहिल्यांदा १९८४ साली, काउंटीच्या नाल्यांचा आयुक्त म्हणून. त्याच दिवशी मी क्लार्क म्हणून निवडून आले. त्याच्या विरोधात कोणीच नव्हते, कारण नाले कोणाला हवे होते? तरी आमच्या आईने त्या रात्री गावजेवण घातले आणि तो खुर्चीवर उभा राहून म्हणाला, "हा जनतेचा कौल आहे." तेव्हाच मला धोका कळायला हवा होता.

मग १९९२ साली तो राज्याच्या विधानसभेला उभा राहिला. दोन आश्वासने दिली. एक, वळणावरचा कच्चा रस्ता डांबरी करीन. तो झाला, वेंडेलच्या टपालपेटीपर्यंत. दुसरे, आमदाराला तीनदाच निवडून येता येईल असा कायदा करू, म्हणजे कोणी खुर्चीला चिकटणार नाही. तो कायदाही झाला. सहा वर्षांनी त्याच्या स्वतःवरच त्या कायद्याने घरी बसायची पाळी आली, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "ताई, हा कायदा चांगल्या माणसांसाठी नव्हता गं."

"तसं कलम घालायचं राहिलं वाटतं," मी म्हटले.

घरी मात्र तो बसला नाही. राज्याच्या सिनेटला उभा राहिला, दोनदा निवडून आला. पाट्या नव्या केल्या नाहीत. जुन्या पाट्यांवर 'विधानसभा' या शब्दावर 'सिनेट' असा कागद चिकटवला. तो कागद मी आणि त्याची बायको शार्लीन आम्ही दोघींनी याच टेबलावर चिकटवला. म्हणजे या पापात माझाही हात आहे. आठ वर्षांत सिनेटमध्ये त्याने जो एकमेव ठराव एकट्याच्या नावाने मांडला, तो चेरीला राज्याचे फळ ठरवण्याचा. तो फेटाळला गेला. चेरी पिकवणाऱ्या राज्यात. लोक म्हणाले सफरचंदवाल्यांचे राजकारण, पण मी त्याचे भाषण ऐकले होते. सफरचंदवाल्यांना काहीच करावे लागले नाही.

त्यानंतर तो वॉशिंग्टनला, देशाच्या संसदेत, जायला निघाला आणि पक्षाच्या प्राथमिक फेरीतच पडला. स्वतःच्या काउंटीत तिसरा आला. मग निदान काउंटी मंडळावर तरी जाऊ म्हणून उभा राहिला, तर पशुखाद्याच्या दुकानातल्या बाईने त्याला पाडले. तिने प्रचार केलाच नव्हता. गिऱ्हाइकांना पोते देताना फक्त म्हणायची, "मी पण आहे बरं का."

आठ वर्षे तो शांत होता. आम्हाला वाटले, संपले. शार्लीनने तर पाट्यांची खोली रिकामी करून त्या माझ्या गोदामात पाठवल्या आणि खोलीचा रंगसुद्धा बदलला.

कलम ४. पण माणूस पडला म्हणजे संपला असे राजकारणात नसते. वर चढता आले नाही तर बाजूने चढायची एक शिडी असते, तिचे नाव विद्यापीठ.

आमच्या राज्यात विद्यापीठाचे विश्वस्त लोक निवडतात. उमेदवार मात्र पक्षाच्या मेळाव्यात ठरतात, दिवसाच्या अगदी शेवटी, जेव्हा सगळ्यांना भूक लागलेली असते. २०२० साली त्या जागेला योग्य अशी एक डॉक्टरीणबाई होती. पण तिच्या मुलाचा हॉकीचा सामना होता, ती निघून गेली. वेंडेल थांबला. थांबणे हा त्याचा एकमेव गुण मी कधी नाकारला नाही.

पुढचे काम मतपत्रिकेने केले. आमच्या मतपत्रिकेच्या डोक्यावर एक गोल असतो. तो एकच गोल काळा केला की राष्ट्राध्यक्षापासून विद्यापीठाच्या विश्वस्तापर्यंत त्या पक्षाचे सगळे उमेदवार निवडले असे धरतात. खालची नावे कोण वाचतो? ज्याला पशुखाद्याच्या बाईने हरवले होते तो वेंडेल अशा रीतीने अख्ख्या राज्यातून बावीस लाख मते मिळवून निवडून आला. त्या रात्री त्याचा फोन आला. "ताई, बावीस लाख," तो म्हणाला. मी म्हटले, "गाढवावर बसून आलास तरी मिरवणूक ती मिरवणूकच."

तो हसला. मीही हसले. तोवर आमचे बरे होते.

कलम ५. सदर तीनशे चाळीस पाट्यांची मागची बाजू कोरी आहे. त्या बागेच्या मालकाला द्याव्यात, 'ताजी चेरी' लिहायला. तारा चांगल्या मजबूत आहेत.

कलम ६. आता मुद्द्याचे.

फेनरच्या जुन्या डबाबंदी कारखान्यात विद्यापीठाची छोटी शाखा होती. दोन वर्ग, एक प्रयोगशाळा, नर्सिंगचा अभ्यासक्रम. काउंटीच्या दवाखान्यातल्या निम्म्या परिचारिका तिथे शिकल्या. बागेतल्या मजुरांच्या घरात राहून माझी बाग बावीस वर्षे सांभाळणारी ओफेलिया साल्दान्या हिची मुलगी नोएमी तिथेच शिकत होती. २०२३ साली ही शाखा बंद करण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला. त्याच बैठकीत फुटबॉलच्या मैदानावर काचेच्या खोल्या बांधण्याचाही प्रस्ताव होता, म्हणजे देणगीदारांना थंडी वाजू नये. त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष वेंडेल होता.

मी चर्चचा कोट घातला आणि चार तास गाडी चालवत गेले. गावकऱ्यांना बोलायला तीन मिनिटे देतात. टेबलावर दिव्यांचा छोटा खांब असतो: हिरवा, पिवळा, लाल. मी घरी घड्याळ लावून सराव केला होता. दोन मिनिटे पन्नास सेकंद होत होती. पण तिथे मध्येच पाणी प्यावे लागले, नोएमीच्या नावाशी अडखळले. शेवटच्या वाक्याशी आले आणि लाल दिवा लागला.

माझा भाऊ माइकमध्ये म्हणाला, "मॅडम, आपली वेळ संपली आहे. पुढचे वक्ते."

मॅडम. ज्याचे नाक मी पुसले तो.

पुढचा वक्ता गाड्या लावायच्या जागेबद्दल बोलला. मग मतदान झाले. शाखा बंद, काचेच्या खोल्या मंजूर. वेंडेलने दोन्हीला हात वर केला. बाहेर व्हरांड्यात तो धावत माझ्यामागे आला.

"ताई, मनावर घेऊ नकोस गं. नियम सगळ्यांना सारखा असतो."

"मग ताई म्हणू नकोस," मी म्हटले. "तेही सगळ्यांना सारखंच ठेव."

कलम ७. यंदा वसंतात, झाडे मोहरात असताना, तो नकाशाची गुंडाळी घेऊन आला. 'वेंडेल बोर्समा चेरी संशोधन केंद्र.' त्याची मुदत २०२८ ला संपते. पुन्हा उभे राहायचे तर नाव कुठेतरी भिंतीवर हवे.

"नावाची अक्षरं किती उंच?" मी विचारले.

"चार फूट."

"आणि ओफेलिया?"

"कोण?" तो म्हणाला. ओफेलिया त्या वेळी त्याच्यापुढे कॉफीचा पेला ठेवत होती.

मग त्याला आठवले. "हां, हां. त्यांचं काय, त्यांना काम कुठेही मिळेल. आणि तू आता बाग नावावर करायची सही करून टाक ताई, तुझं वय झालं. उद्या डोकं चाललं नाही तर कोर्टात जावं लागेल मला." पहिल्या परिच्छेदात ज्या दडपणाचा उल्लेख केला ते हे.

तो गेल्यावर ओफेलिया सिंकपाशी उभी राहिली. त्याचा पेला विसळून म्हणाली, "मिस आर्डिथ, मला आधी सांगाल ना? नोएमीचं दवाखान्यातल्या प्रशिक्षणाचं वर्ष इथूनच चालू आहे. घर बघायला वेळ लागतो."

तिने बाग मागितली नाही. फक्त वेळ मागितला. मला त्या क्षणी माझ्या भावाची नव्हे, माझीच लाज वाटली, की सोळा वर्षे ते जुने मृत्युपत्र मी ड्रॉवरमध्ये तसेच ठेवले होते.

कलम ८. माझी बँकेतली सर्व शिल्लक नोएमी साल्दान्या हिच्या शिक्षणासाठी द्यावी. शाखा बंद झाल्यापासून ती रोज नव्वद मैल गाडी चालवून वर्गाला जाते. टायरही त्यातच बदलावेत.

कलम ९. माझी चाळीस एकरांची चेरीची बाग, तीतील झाडे, विहीर, गोदाम, मजुरांचे घर, वहिवाट व सर्व हक्कांसह, मी ओफेलिया साल्दान्या हिला कायमची देते. ती माझी नातेवाईक नाही. २०१२ साली मोहोर लवकर आला, गारठ्याने जळाला आणि एकही चेरी उतरली नाही. पुढच्या फेब्रुवारीत तरी ती शिडी घेऊन छाटणीला हजर. मी म्हटले, "कशाला आता?" ती म्हणाली, "झाडांचा काय दोष?" बागेची मालकी ठरवायला मला याहून मोठा पुरावा लागत नाही.

या बागेत कोणाही व्यक्तीच्या नावाची इमारत उभी राहू नये. ओफेलियाच्याही नाही. तिला विचारले, तिला नकोच आहे.

वेंडेलने या कलमाविरुद्ध कोर्टात जायचे ठरवल्यास जरूर जावे. न्यायाधीश त्याला तीन मिनिटांहून जास्त वेळ देतील.

कलम १०. त्या सभेत माझे एक वाक्य बोलायचे राहिले. इथे दिवा नाही, म्हणून पुरे करते. हे वेंडेलसाठी आहे, बाकीच्यांनी ऐकले तरी हरकत नाही.

वेंडेल, २०२० ची निवडणूक ही माझी शेवटची. फेनरच्या यंत्राचा आकडा मतदारांच्या सह्यांच्या वहीशी एका मताने जुळेना, म्हणून काउंटीच्या दोन माणसांसमोर आम्ही सगळ्या मतपत्रिका हाताने पाहिल्या. तुला आपल्या गावात तीनशे अठ्ठावीस मते होती. तीनशे सत्तावीस त्या वरच्या गोलाची. फक्त एका मतपत्रिकेवर वरचा गोल कोरा होता आणि अगदी खाली, जिथे कोणी पोचत नाही तिथे, तुझे नाव शोधून त्याच्यापुढचा गोल काळा केलेला होता. काउंटीचा माणूस हसला. "हा कोण वेडा?" म्हणाला. मी म्हटले, "मत गुप्त असतं."

ते माझे होते. मी आयुष्यात तो वरचा गोल कधी काळा केला नाही. एकेक नाव वाचते. तुझ्या नऊही निवडणुकांत मी तुझे नाव वाचले आणि तू कोण आहेस हे पुरते ओळखून तुला मत दिले. माझे राहिलेले वाक्य एवढेच होते: "अध्यक्षमहाराज, तुम्हाला ओळखून मत देणारी या गावातली एकटी बाई तुमच्यासमोर उभी आहे, आणि ती तुम्हाला विनंती करते आहे." त्या बाईला तू मॅडम म्हणालास. मला फार लागले, वेंडेल. अजून लागते.

दिलेले मत परत घेता येत नाही, हे मी छत्तीस वर्षे लोकांना सांगत आले. तेव्हा ती नऊच्या नऊ मते तुझ्याकडेच राहू देत. मृत्युपत्र मात्र परत घेता येते.

सही: आर्डिथ रुथ बोर्समा

आम्ही खाली सह्या करणारे सांगतो की, हा मजकूर आर्डिथने आम्हां दोघांना मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. शेवटच्या कलमाशी ती दोनदा थांबली. पाणी दिले, नको म्हणाली.

साक्षीदार: कॉर्नेल व्हिसर, निवृत्त टपालवाटप्या, फेनर
साक्षीदार: जेनिव्हा स्लॅग्टर, गृहिणी, फेनर (ताटली उद्या आणून देते)

स्थळ: फेनर, टॅमरॅक काउंटी
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५