जमिनीतला वारा

अमरावती

आदरणीय व्याही केशवराव यांस,

नत्थुजीचा सप्रेम नमस्कार. विहीणबाईंच्या गुडघ्याला उतार पडला असेल, आपला खोकला बसला असेल आणि अकोल्याच्या उन्हाने कुणाला अजून खाल्लं नसेल, असं धरून पुढचं लिहितो. आपली सून, म्हणजे आमची रागिणी, आणि आपली नात, म्हणजे (रागावू नका) आमची नात, दोघी खुशाल आहेत. नात रात्रभर जागते आणि घराला जागवते.

सुनेला न्यायला कधी येऊ, असं आपण फोनवर विचारलंत. मी पत्राने कळवतो म्हणालो, तर आपण हसलात. पण विषय फोनवर मावणारा नाही. झालं असं, की आमच्या शिवमने कॅनडातून भाचीसाठी झबल्यांसोबत एक यंत्र पाठवलं. तिकडे म्हणे लोक घरातला रेडॉन मोजतात. दगडामातीत किंचित युरेनियम असतं, त्यातून हा वायू निघतो. उघड्यावर तो विरून जातो, पण फरशीच्या फटींतून घरात शिरला आणि खोली बंद असली, की तिथेच मुक्काम ठोकतो (जावयासारखा, असं लिहिणार होतो, पण जावई आपला मुलगा पडला). वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो.

यंत्र मी कौतुकाने बाळंतिणीच्या खोलीत ठेवलं. ही आमची तळमजल्यावरची मागची खोली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आमच्या सौ. आशाबाईने खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या आणि दाराखाली पोतं सारलं होतं. काही दिवसांत आकडा चढला आणि यंत्राचा दिवा लाल झाला. मी म्हणालो, खिडकी उघड. ती म्हणाली, "तुमच्या त्या गॅसले रंग नाई, वास नाई, तो कोनाले दिसत नाई. वारा तं मले समजून राहिला." मी तिला सगळं शास्त्र समजावलं, बेकरेल हा मोजमापाचा शब्दसुद्धा वापरला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि मला जेवायला वाढलं. शेवटी काकुळतीला येऊन मी म्हणालो, "अवो, हा बी वाराच हाय. जमिनीतून येते."

इथे मात्र ती दचकली. खालून वारा? बाळंतिणीच्या खाटेखाली? काळ्या मातीवरचं आमचं घर, दर उन्हाळ्यात जमीन उलते आणि फरशी तडकते, हे तिला सांगावं लागलं नाही. लगेच सिमेंट कालवलं गेलं (मी कालवलं) आणि फरशीतली प्रत्येक भेग, नळाच्या पाइपाभोवतीची फटसुद्धा, तिने स्वतःच्या हाताने बुजवली. आत कोंडलेला जमिनीतला वारा बाहेर काढायचा म्हणून खिडकीतल्या चिंध्याही तिनेच ओढून काढल्या. यंत्राचा दिवा आता हिरवा आहे. हा वाद मी जिंकलो की हरलो, ते मला अजून कळलेलं नाही.

आता काळजी आपल्या घराची. तेही तळमजल्याचं, काळ्या मातीवरचं, त्यात एसीसाठी सगळीकडून बंद. लहान जीव तिथे येण्याआधी मोजलेलं बरं, एवढंच सुचवतो.

आपला,
नत्थुजी

ता. क. चार दिवसांच्या आकड्यावर विसंबू नये, खरी सरासरी कळायला यंत्र तीन महिने ठेवावं लागतं, असं शिवम सांगतो. तोवर दोघी इथेच राहिलेल्या बऱ्या. माझा यात काही स्वार्थ नाही.

आणखी एक. यंत्र कधी पाठवता, असं आपण विचाराल. ते सध्या इथे कामात आहे. मोकळं झालं की पाठवतो.

(याखाली आशाबाईच्या अक्षरात)

इवाईबुवा, पत्र पेटीत टाकायले माह्याजवळ देल्लं, म्हनून वाचलं. इतवारी पोरीले न्यायले या. यंत्र बाळाच्या दुपट्यात बांधून ठेवलं हाय. संगं यायले, नातीच्या आज्यालेबी, घेऊन जा, बसतीन तुमच्या घरी तीन महिने मोजत. पोरगी जाते म्हनून धड जेवून नाई राहिले, अन् मले सांगते का रेडॉननं भूक मेली.