सभागृहात आवाज चढवू नये

३ मार्च, सकाळ
समोरच्याला ‘सन्माननीय सदस्य’ म्हणून लगेच ‘ए, गप रे’ म्हणणारा आमदार नेमका कुणाचा मान राखत असतो? मला उत्तर येत नाही. पण उपाय माझ्याकडे आहे. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, आमदार किरणदादांची भाषणं लिहिते. या अधिवेशनात विधानसभेत सभ्यता आणायचीच. सुरुवात आमच्या कांजूरच्या कचरा डेपोपासून. त्या वासाने बाबांचा खोकला थांबत नाही. त्यांना शब्द दिलाय, मंत्री उत्तर देतील.

५ मार्च
ऑफिसात तालीम. दादांचा ड्रायव्हर सौरभ विरोधी पक्ष झाला. ओरडला, “बसा खाली!” दादा त्याच्या अंगावर धावले. दुसऱ्या वेळी नमस्कार करून धावले. प्रगती आहे.

९ मार्च
बाबांसोबत टीव्हीवर पाहिलं. दादांनी अध्यक्षांचे आभार मानले, विरोधकांचे मानले, थोर परंपरेचे मानले. सगळं मी लिहिलेलं. कचऱ्यापर्यंत पोचणार, तोच समोरून विरोधी पक्षाचे आमदार धोंडिरामभाऊ गरजले, “बसा खाली!” दादा म्हणाले, “धन्यवाद,” आणि बसले. वेळ संपल्याची घंटा. पुढचा विषय. बाबांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, “तुझा साहेब लई सज्जन आहे गं.”
सभ्यतेच्या दृष्टीने ऐतिहासिक दिवस.

१० मार्च
घरात कुणीतरी ‘बसा खाली’ म्हणतंय. मोरीतून. जिन्यातून. बाबा खोकत उठले की त्यांच्या पाठीमागून. आईला काही ऐकू येत नाही. खिडकी लावून घेतली. आवाज आतच राहिला, वासही. दमले असेन.

११ मार्च
दादांना फोन केला. कॅन्टीनमध्ये धोंडिरामभाऊंसोबत चहा घेत होते. “अगं, दोस्त आहे तो माझा. पण घसा बघितलास ना त्याचा? झकास!” मागे कुणीतरी हसलं. तोच आवाज.

१३ मार्च
बाबांना आडवंच होता येत नाही. सारखे उठून दाराशी जात होते. कुणीतरी म्हणालं, “बसा खाली!”
मीच होते. आवाज धोंडिरामभाऊंचा.
बाबा निमूट बसले.

१४ मार्च, दुपार
दादांचं काम सोडलं. कचऱ्याचा प्रश्न धोंडिरामभाऊंच्या ऑफिसात नेऊन दिला. ते म्हणाले, “यात आभार कुठेत?” म्हटलं, काढले. “मग वाचून दाखव. जोरात.”
वाचला. बाहेरचा पोलीस धावत आत आला.
भाऊंनी तिथल्या तिथे नोकरी दिली. मी घेतली.