बीजाच्या ठरावातलं मधलं वाक्य

१२ जानेवारी, रविवार

हरली मी. नातीच्या पुस्तकापुढं हरली, अन् तेही रस्त्याच्या दिव्यांवरून.

चंचल वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. मी लसूण सोलत होती, ती उतारा वाचत होती. रस्त्यावर दिवे नाहीत, म्हणून सांजेनंतर बायका बाहेर पडत नाहीत. पंचायतीनं दिवे लावावेत. बायका येत नाहीत त्यामुळं बाजारही लवकर उठतो. "सांग आजी, याचा मुख्य निष्कर्ष कोणता?" मी म्हटलं, बायका बाहेर पडत नाहीत. 'म्हणून' होतं ना तिथं!

"चूक. 'म्हणून' दिसलं का झडप नोको घालू. एकेका वाक्याले काऊन विचार, का म्हणून. बाकीची सारी वाक्यं ज्याच्या काऊनचं उत्तर देतात, थो निष्कर्ष. शेवटीच रायते असं नाई. मधात बी दडून रायते."

दिवे लावावेत. काऊन? बायका अडकल्या, बाजार उठला. बरोबर आहे कार्टीचं.

सुरेंद्र – तिचा बाप, माझा एकुलता – जेवता जेवता हसला. "माय, आता तू बी वकील होतं का?" म्हटलं, तू झाला असता त मले गरज नसती पडली.

१४ जानेवारी

संक्रांत. विधवेला वाण नाही. लाडू मीच वळले, मीच खाल्ले. पाक चांगला जमला होता.

१९ जानेवारी, रविवार

मच्छीमार संस्थेची सभा, तलावाच्या पाळीवर. आम्ही सारे ढिवर, तलाव सगळ्यांचा मिळून. नवरा गेला की त्याचं सभासदपण बायकोकडं येतं – जाळं ओढवलं नाही तरी वाटा मिळतो. आमच्या सासवांच्या काळापासूनची ही रीत. अशा आम्ही तिघी – मी, चंदाबाई, अन् शेजारच्या पुनमची आजी.

हेमराज यंदाचा अध्यक्ष. खूप बोलला. तलावात गाळ भरला, मासोळी बोटाएवढी राहिली. म्हणून मासोळीचं नवं बीज, बारकी पिल्लं, टाकावं लागते. बीजाला पैसा अन् मेहनत लागते, ती जवान माणूसच करू शकते. तवा विधवा बायांची नावं कमी करून पोरांची चढवावी, पोरगा नसन त नाव बंद. कतल्याचं बीज लवकर वाढते, रोहूले चव हाये...

मग काय! कतला का रोहू, यावरच भांडण. मी पण भांडली, रोहूकडून. शेवटी हेमराज म्हणाला, "मंजूर असन त हात वर." सगळ्यांचे वर. माझा सगळ्यात उंच.

२० जानेवारी

मासोळी चिरता चिरता विळ्यावरच हात थांबला.

बीज टाका. काऊन? गाळ भरला. बायांची नावं काढा. काऊन? बीजाला जवान माणूस पाहिजे. बीजापाशी माणूस थांबतो, तिथंच भाषण संपलं असं वाटते. पण बीज हे त नुसतं कारण, पुढच्या गोष्टीला लावलेला टेकू. हेमराजचं खरं म्हणणं मधल्या वाक्यात, तेही घाईघाईनं बोललेलं. त्याच्या मागं-पुढं मासोळ्याच मासोळ्या.

अन् मी रोहूसाठी हात वर करून आपलंच नाव कापून आली.

चंदाबाईकडं गेली. ती म्हणाली, "अवो, मी त कतल्याले हात वर केला होता!"

चंचलला सांगितलं. वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "माह्या क्लासमधले बी अर्धे तिथीच फसतात."

२२ जानेवारी

हेमराज घरी आला. खाटेवर बसला, चहा घेतला.

"काकी, ठराव झाला. तुमी स्वतः हात वर केला."

"केला. आता खाली करतो."

"असं रायते का कुठी?"

"रायते. हात माहाच हाये."

म्हणाला, तुमचं वय झालं, आराम करा, फुकटचा वाटा घेऊन लोकांचं बोलणं कायले खाता. फुकटचा! वाटणीला मासोळीचे ढीग पाडले की त्यांच्याकडं पाठ करून बसतं कोण? संस्थेतला सगळ्यात जुना सभासद दादाजी ढिगावर काडी ठेवतो, विचारतो, हा कोणाचा? अन् मी मागं न पाहता नाव घेते. म्हणून आजवर मोठ्या ढिगासाठी डोकी फुटली नाहीत. हे ऐकवलं. चहा अर्धा टाकून गेला.

सुरेंद्र तिथंच होता. हेमराजला पोचवायला रस्त्यापर्यंत गेला.

२६ जानेवारी

झेंडा झाल्यावर पाळीवर पुन्हा सभा. आम्ही तिघी पहिल्या रांगेत, हलणार नाही अशा बसलो.

म्हटलं, "हेमराज, एकच सांग. बीज टाकायले आमची नावं काऊन काढा लागतात?"

तो म्हणाला, तलावात गाळ भरला.

"हे बीजाचं झालं. नावाचं सांग."

मासोळी बारीक झाली.

"हे बी बीजाचंच."

मागून कोणी हसलं. हेमराज लाल. मेहनत कोण करन, म्हणाला. म्हटलं, मेहनतीले माणूस पाहिजे त पाठवतो, मजूर लावतो. त्याच्यासाठी नाव काऊन खोडतं?

दादाजी म्हातारा उठला. म्हणाला, "दोन गोष्टी एका पिशवीत नोको भरू रे बाबू. बीजाले वेगळा हात, बायांच्या नावाले वेगळा."

बीज मंजूर. रोहू! नावं काढायला चारच हात. आमची नावं राहिली.

सुरेंद्र दिसला नाही. हात वर करायच्या वेळेलाच त्याला पान खायची तलफ आली.

२७ जानेवारी

गुडघा सुजला. जिंकल्यावरही दुखतो, त्याला काही समजत नाही.

२९ जानेवारी

चंदाबाईला दोन्ही पोरीच. पुनमच्या आजीचा पोरगा आधीच सभासद. हेमराजला यात कवडीचा फायदा नाही. म्हणजे तो ठराव टिकला असता त नवं नाव एकच चढत होतं.

सुरेंद्र जेवायला बसला तेव्हा विचारलं, "हेमराजले तूच सांगितलं होतं ना?"

भात कालवत राहिला. नाही म्हणाला नाही.

म्हटलं, "मी मेल्यावर माहा वाटा चंचलचा. उद्याच संस्थेत तिचं नाव देऊन येतो. अन् वरण लागन त घे, गरम हाये."