आडवं कोण आलं

मुंबई, ४ ऑगस्ट २०२५

ती. आप्पांस, मोहिनीचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही, म्हणून पत्र. गिरणीनं तुमचे कान नेले, मालिकांचे संवाद लिहून माझे डोळे चाललेत. आठ वर्षं दुसऱ्यांच्या नावावर लिहिलं. आता स्वतःचा सिनेमा लिहायचाय, चतुरा आत्याचा.

इथे सगळी पटकथा कुणी वाचत नाही. आधी एक वाक्य मागतात, त्याला लॉगलाइन म्हणतात. माणूस कोण, त्याला काय हवंय, आडवं कोण येतं, हरला तर काय जातं, हे सगळं पंचवीस-तीस शब्दांत. मी लिहिलं, 'खेड्यातली साधी बाई सरपंच होते आणि अनेक अडचणींवर मात करून गावासाठी लढते.' निवड करणाऱ्या बाईंनी परत पाठवलं. म्हणाल्या, अनेक अडचणी म्हणजे एकही नाही. पंचवीस तारखेपर्यंत दुसरं द्यायचंय. आत्या सरपंच झाली तेव्हा मी इथे मुंबईत होते. गायरानाच्या ठरावाला आत्यानं अंगठा दिला नाही, एवढंच ठाऊक. नेमकं काय झालं?

गोळ्या वेळेवर घ्या. माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा.
तुमची मोहिनी

ढवळदरा, नेकनूरजवळ, ९ ऑगस्ट

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या बाई शहाण्या दिसतात. गिरणीचा पट्टा चालू असला की माणूस मोजकंच ओरडतो. 'जावई आलाय, बारीक दळा.' एवढ्यात घरातलं सगळं कळायचं. तुझ्या वाक्यात मला कुणाचंच घर दिसलं न्हाई. मेंढरं राखणारी बाई लिही. साधी काय लिहितेस? आक्का कुठं साधी हाय?

आडवा गावचा पुढारी आला असं लिही. त्याला गायरानावर गोदाम बांधायचं होतं. सरपंचाची जागा बायकांना राखीव निघाली, तवा त्यानंच आक्काला उभं केलं. बाकी विशेष न्हाई. आईचे गुडघे दुखतात. जेवत जा.
आप्पा

मुंबई, १४ ऑगस्ट

ती. आप्पांस सा. नमस्कार.

'साधी' काढलं, 'मेंढरं राखणारी' घातलं. पुढारी घातला. तरी वाक्य परत आलं. बाई म्हणाल्या की पुढाऱ्याला नाही म्हणायला तिला जड का जावं? तो तिचा कोण लागतो? ज्याला नाही म्हणताना तिचा जीव तुटेल असं माणूस समोर पाहिजे.

उत्तर सुचत नाही, आप्पा. दोन रात्री मालिकेचे भाग लिहून डोकं बधिर झालंय. नसेल जमत तर सोडून देते. तुमच्यावर राग नाही, फक्त दमलेय.
मोहिनी

ढवळदरा, १८ ऑगस्ट

चि. मोहिनीस आशीर्वाद.

सोडू नको. मागच्या पत्रात मी 'विशेष न्हाई' लिहिलं, ते खोटं होतं.

पुढाऱ्यानं मला गायरानातली रस्त्याकडंची जागा कबूल केलती, डाळमिल टाकायला. म्हणून आक्काला उभं राहायला मीच तयार केलं. तिचा प्रचार बी मीच केला. ती निवडून आली आणि मी ठरावाचा कागद आणि शाईचं पॅड घेऊन तिच्या मेंढरांच्या वाड्यावर गेलतो. ती कोकराला दूध पाजत होती. मी म्हणालो, अंगठा दे. ती म्हणाली, आप्पा, गायरान गेलं तर मेंढरं कुठं नेऊ? तुझा अंगठा लाव, पाप बी तुझंच राहील. मी पॅड भिरकावलं, तिला नाही नाही ते बोललो. सहा वर्षं झाली, मी तिच्या दारात गेलो न्हाई. गायरान आजबी मोकळं हाय.

आता वाक्य असं लिही: 'भावाच्या भरवशावर सरपंच झालेल्या मेंढपाळ बाईला गायरान वाचवायचं तर त्याच भावाला नाही म्हणावं लागतं, न म्हटलं तर कळप जातो, म्हटलं तर माहेर तुटतं.'

माझी लाज धरू नको.
आप्पा

मुंबई, १ सप्टेंबर

ती. आप्पांस शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दिवसभर कामाला हात लावला नाही. मग वाक्य जसंच्या तसं पाठवलं. निवड झाली. पूर्ण पटकथा मागितलीय. आनंद व्हायला हवा, पण अजून नुसतं हलकं वाटतंय, ताप उतरल्यावर वाटतं तसं.

पण गोष्ट आत्याची आहे. तिला विचारल्याशिवाय एक अक्षरही लिहिणार नाही. मी पत्र धाडू, की तुम्ही जाल?
मोहिनी

ढवळदरा, ७ सप्टेंबर

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

जाऊन आलो. दारात उभा राहिलो तर आक्कानं विचारलं न्हाई, कशाला आलास. एक मेंढी धरायला लावली, तिच्या खुरात काटा होता. काटा निघाल्यावर चहा ठेवला. मी तुझं वाक्य मोठ्यानं वाचलं. मला ऐकू येत न्हाई म्हणून कदाचित लईच मोठ्यानं. शेजारची माणसं गोळा झाली. आक्कानं कपबशी खाली ठेवली. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, पोरीला सांग, खुशाल लिही. माझं नाव खरं ठेव. आप्पाचं बदल.

तिथून उठवेना मला. तू सवडीनं ये. आक्का तुझी वाट बघते, आणि मी बी.
आप्पा